मुलीचा एएसओ वाढलेला आहे आणि ती सतत हात धुते. महागडी 'इम्यून पॅनेल' करून घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून एवढं कळलं: मुलगी ८ वर्षांची, गुहागरकडची. गणपतीच्या आधी घसा सुजून ताप आला होता. गणपती गेले आणि हात धुणं सुरू झालं, डोळे मिचकावणं सुरू झालं. एएसओ ४००, सीआरपी (शरीरात सूज-दाह आहे का ते दाखवणारी चाचणी) नॉर्मल. आता मुंबईला रक्त पाठवून साइटोकाइन (प्रतिकारशक्तीच्या पेशींची निरोप देणारी प्रथिनं) आणि मेंदूविरोधी अँटिबॉडी यांची पॅनेल, म्हणजे एकत्र चाचण्यांचा संच, करायची का, असं विचारताय.

मी चिपळूणला पॅथॉलॉजी लॅब चालवते. रिपोर्ट देणं हाच माझा धंदा, तरी सांगते, ते पैसे खर्च करू नका. मानसोपचारतज्ज्ञ मी नाही, त्यामुळे निदान करणार नाही; पण तुमच्या हातातल्या कागदावर काय लिहिलंय आणि काय नाही, हे सांगू शकते.

एएसओ म्हणजे स्ट्रेप्टोकोकस जंतूच्या एका विषाविरुद्ध शरीराने तयार केलेली अँटिबॉडी. घसा आल्यानंतर आठवडाभराने ती वाढायला लागते, तीन ते पाच आठवड्यांत सर्वात वर जाते आणि मग कित्येक महिने हळूहळू उतरते. आमच्या बाजारपेठेत दुकानांच्या भिंतींवर २०२१ च्या पुराची रेघ दिसते ना, तसा हा आकडा. पाणी इथवर आलं होतं एवढं ती रेघ सांगते. त्यानंतर घरात कोण कशाने आजारी पडलं ते नाही सांगत. शाळेत जाणाऱ्या मुलांना घशाचे संसर्ग होतच असतात, त्यामुळे अगदी ठणठणीत मुलातही २०० च्या वर आकडा सर्रास मिळतो. रिपोर्टवर छापलेली '२०० पेक्षा कमी' ही मर्यादा बहुतेक वेळा मोठ्या माणसांची असते.

आणखी एक. तुमचा आकडा नेमका ४०० आहे, म्हणजे बहुधा स्लाइडवरची लॅटेक्स चाचणी असावी. तिच्यात आकडे २००, ४००, ८०० असे दुपटीनेच येतात. २०० आणि ४०० मध्ये एकाच पायरीचं अंतर, आणि एवढा फरक चाचणीच्या स्वतःच्या मर्यादेतच येतो.

उलटंही होतं. पावसाळ्यात आपल्याकडे मुलांच्या पायांवर पुळ्या येतात, डास चावलेलं खाजवून चिघळतं. त्यातही स्ट्रेप्टोकोकस असू शकतो, पण कातडीच्या संसर्गात एएसओ फारसा वाढत नाही. तिथे अँटी-डीएनेज बी ही त्याच जंतूविरुद्धची दुसरी अँटिबॉडी जास्त उपयोगी.

सीआरपी नॉर्मल आल्याचं काही विशेष नाही. आयएल-६ नावाच्या साइटोकाइनच्या इशाऱ्यावर यकृत सीआरपी बनवतं आणि त्याचा अर्धा भाग साधारण १९ तासांत नाहीसा होतो. ताप महिन्यापूर्वी होता. आता काय दिसणार?

घसा आणि मेंदू यांचा संबंध मात्र खोटा नाही. सिडनहॅम कोरिया हा त्याचा जुना, पक्का पुरावा: स्ट्रेप्टोकोकसच्या संसर्गानंतर मुलाचे हातपाय आपोआप हलतात, हातातून वस्तू पडतात, अक्षर बिघडतं, मूल चटकन रडतं, काहींत हात धुण्यासारखी सक्तीची वागणूकही येते. तो संधिवाती तापाचा (रुमॅटिक फीव्हर) भाग असतो, म्हणून हृदयाचा इको करावाच लागतो. गंमत बघा, कोरिया संसर्गानंतर कधी कधी सहा महिन्यांनीही उगवतो, आणि तोवर एएसओ खाली आलेला असू शकतो. म्हणजे जिथे संबंध सिद्ध आहे तिथेच ही चाचणी कधी कधी नॉर्मल निघते!

१९९८ मध्ये अमेरिकेत सुझन स्वीडो आणि सहकाऱ्यांनी ५० मुलांचं वर्णन केलं, ज्यांना स्ट्रेप्टोकोकसनंतर अचानक ओसीडी (नको ते विचार आणि सक्तीने तीच कृती पुन्हा पुन्हा करणं) किंवा टिक्स (डोळे मिचकावण्यासारख्या आपोआप होणाऱ्या हालचाली) सुरू झाले. त्याला 'पँडास' म्हणतात. २०१२ मध्ये 'पॅन्स' ही रुंद व्याख्या आली: अचानक ओसीडी किंवा अचानक जेवण तोडणं, सोबत झोप, लघवी, अक्षर, अभ्यास, चिडचिड यांतले बदल. तिच्यात रक्ताचा एकही आकडा नाही. 'अचानक' हा शब्दच कणा आहे. डी८/१७ नावाची रक्तातली एक खूण पूर्वी फार गाजली होती, पण पुढच्या तपासण्यांत ती टिकली नाही. पाच चाचण्यांची एक व्यावसायिक पॅनेल अमेरिकेत विकली जाते. २०१७ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी ती पारखली तेव्हा आजारी आणि निरोगी यांत तिला नीट फरक करता आला नाही.

आयएल-६ बद्दल वाचलं असेल तर तेही सांगते. २०१४ मध्ये इंग्लंडमधल्या एका मोठ्या अभ्यासात नवव्या वर्षी आयएल-६ जास्त असलेल्या मुलांत अठराव्या वर्षी नैराश्याचं प्रमाण थोडं जास्त आढळलं. हजारो मुलांच्या सरासरीत दिसणारा हा फरक आहे. नैराश्य आलेल्या आणि न आलेल्या मुलांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एका मुलीच्या रिपोर्टवरून काहीच ठरत नाही. शिवाय आयएल-६ चं रक्त पटकन सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या करून) थंड ठेवावं लागतं. नळीत तसंच राहिलं तर आतल्या पेशींमुळे आकडा बदलतो, आणि गुहागरहून रात्रीच्या बसने ते मुंबईला पोचेपर्यंत काय उरेल याची खात्री मी देणार नाही.

पैसे वाचले, आता काम करा. वही घ्या आणि तारखा लिहा: ताप कधी, घसा कधी, पहिल्यांदा हात धुताना कधी पाहिलं, ते एका-दोन दिवसांत आलं की महिन्याभरात वाढत गेलं, शाळेच्या वहीतलं अक्षर जूनमध्ये कसं होतं आणि आता कसं आहे. दोन्ही वह्या सोबत न्या. बालरोगतज्ज्ञ घसा, हृदय, हातांच्या हालचाली तपासतील. घशात जंतू सापडला तर त्याचा पूर्ण कोर्स देतील. मेडिकलमधून आपल्याच मनाने तीन दिवसांच्या ॲझिथ्रोच्या गोळ्या आणू नका. मग मानसोपचार. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचं नाव काढलं की लोक दबकतात, पण तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे. १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनशी मराठीतून बोलता येतं. ओसीडीवर खास वर्तन-उपचार आहेत आणि कारण कोणतंही असलं तरी ते उपयोगी पडतात. घरच्यांना देवाला गाऱ्हाणं घालायचं असेल तर घालू द्या, डॉक्टरची तारीख मात्र त्यासाठी पुढे ढकलू नका.

एका बाबतीत वाट पाहू नका. फिट आली, ताप आणि भ्रम एकत्र आले, बोलणं बंद झालं, तोंडाच्या विचित्र हालचाली सुरू झाल्या, मूल गुंगीत गेलं, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. एनएमडीए रिसेप्टरविरोधी मेंदूदाह हा २००७ मध्ये ओळखला गेलेला आजार असाच, वेड लागल्यासारखा सुरू होतो. तिथे अँटिबॉडीची चाचणी खरोखर निर्णायक असते, पण ती पाठीतल्या पाण्यावर करतात आणि उपचारांना उशीर परवडत नाही. पावसाळ्यात लेप्टो आणि स्क्रब टायफस हे संसर्गाचे तापही डोक्यात ठेवावे लागतात.

एएसओ पुन्हा करायचाच असेल तर त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने, तीन-चार आठवड्यांनी करा, आणि आधीचा रिपोर्ट सोबत ठेवा.