हक्का लोकांची मातीची गोल घरं एका दिवसात पाहून होतात का?

होतात. चीनच्या फूच्येन प्रांतातल्या शियामेन शहरातून सकाळी निघून रात्री परतता येतं. पण माझं ऐकाल तर एक रात्र त्या डोंगरात राहाच. मी पहिल्या खेपेला एका दिवसात उरकून आलो होतो. ती घरं कळली ती दुसऱ्या खेपेला, मुक्कामाला गेलो तेव्हा.

आधी तिकिटाचं. उतरायचं स्टेशन नान्जिंग. शांघायच्या बाजूचं मोठं नान्जिंग शहर आपल्या कानाला अगदी तसंच ऐकू येतं आणि ते खूप लांब आहे. तेव्हा तिकिटावर फूच्येनमधलंच स्टेशन आहे ना, हे तपासून घ्या. पुढे बसने डोंगरात. मुक्कामाला ताश्या हे ओढ्याकाठचं गाव चांगलं.

या घरांना तुलोउ म्हणतात. 2008 साली त्यातली 46 घरं युनेस्कोच्या यादीत गेली. त्यानल्वोखंग या गावात मधे एक चौकोनी आणि भोवती चार घरं आहेत, तीन गोल, एक लंबगोल. वरून पाहिलं की चिनी लोक म्हणतात, 'चार भाज्या, एक सूप'. चौकोनी घर मूळचं 1796 चं, लंबगोल मात्र 1966 चं! म्हणजे परवापरवापर्यंत माणसं अशीच घरं बांधत होती. गाओबेई गावातलं छंगछीलोउ हे गोल घरही सोडू नका. एकात एक चार वलयं आणि मधोमध पूर्वजांचं देवघर.

हक्का या शब्दाचा अर्थच 'पाहुणी कुटुंबं'. उत्तरेकडून पिढ्यानपिढ्या सरकत आलेली ही माणसं. सुपीक सपाटी आधीच्यांनी धरलेली, म्हणून डोंगर. डोंगरात दरोडेखोर, म्हणून ही भिंत. एका ठिकाणी गिलावा निघाला होता तिथे मी हात लावून पाहिला. ठोकून ठोकून दगडासारखी झालेली माती आणि तिच्यात आडव्या घातलेल्या बांबूच्या पट्ट्या. खालच्या दोन मजल्यांना बाहेरून खिडकी नाही. मुख्य दार एकच, आणि काही घरांत त्याच्या वर पाण्याची सोय, कुणी दाराला आग लावली तर ओतायला.

संध्याकाळी पर्यटकांच्या बस गेल्या की चौकातल्या चुली पेटतात. एक आजी दारात बांबूचे कोंब सोलत बसल्या होत्या. मोबाइलवर भाषांतर करून विचारलं, तुमचं घर कोणतं? त्यांनी सुरी खाली ठेवली आणि बोट सरळ वर नेलं. खाली स्वयंपाकघर, त्यावर धान्य, त्यावर झोपायच्या खोल्या. मजला कुणाचाच नसतो, प्रत्येक कुटुंबाचा खालपासून वरपर्यंत एक उभा काप असतो. श्रीमंत भावाच्या आणि गरीब भावाच्या खोल्या सारख्याच मापाच्या. मला त्या भिंतीपेक्षा ही वाटणी जास्त थोर वाटली, आजही वाटते.

हक्का नूडल्स मात्र तिथे शोधू नका, तो पदार्थ कोलकात्याच्या टांगऱ्यात स्थायिक झालेल्या हक्कांमुळे आपल्याकडे आला. शाकाहारी असाल तर कोंब, मशरूम, टोफू मिळतं, पण डुकराची चरबी घालू नका असं आधी सांगावं लागतं. जुन्या घरात राहिलात तर संडास बाहेर असू शकतो, बॅटरी जवळ ठेवा. वरच्या मजल्यांवर जायला बऱ्याच ठिकाणी मनाई असते, घरच्यांना विचारल्याशिवाय जिना चढू नका. आणि चौकात भाजी वाळत घातलेली असेल तर कडेने जा.