डेंटल कॉलेजमध्ये आणि क्लिनिकमध्ये प्रत्येकाला ‘मी इथलाच’ असं वाटावं म्हणून नेमकं काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही नुकतंच डेंटल कॉलेजमध्ये शिकवायला लागला आहात. काही विद्यार्थी क्लिनिकमध्ये कायम कडेला उभे असतात, काही विचारत नाहीत. सर्वसमावेशकतेवर कार्यशाळा झाली, भित्तीपत्रकं लागली, तरी फरक पडला नाही. आता काय करावं, आणि हीच मुलं उद्या प्रॅक्टिस करतील तेव्हा काय, असा तुमचा प्रश्न आहे.

मी बरीच वर्षं शिकवते आणि प्रॅक्टिसही करते. कार्यशाळेला माझा विरोध नाही, पण या प्रश्नाचा निकाल पेशंटच्या खुर्चीपाशी लागतो असं माझं ठाम मत आहे. युनिट (पेशंटची खुर्ची आणि तिला जोडलेली उपकरणं) कोणाच्या हाताला सोयीचं आहे, चुकलं की शिक्षक कोणासमोर बोलतात, चांगली केस कोणाच्या वाट्याला येते, यावरून मुलांना आपली जागा कळते. आणि ज्याला आपण इथे उपरे आहोत असं वाटतं, तो शंका विचारत नाही. दाढेत रूट कॅनॉलची फाइल (सुईसारखं बारीक हत्यार) अडकल्यासारखी वाटली तरी गप्प राहतो. त्याची किंमत खुर्चीत झोपलेला पेशंट मोजतो. म्हणून मी या विषयाकडे पेशंटच्या सुरक्षिततेचा विषय म्हणून बघते.

डावखुऱ्या विद्यार्थ्याचं उदाहरण घ्या. साधारण दहातला एक माणूस डावखुरा असतो. पेशंटचं डोकं जिथे आहे तिथे घड्याळाचे बारा धरले, तर उजव्या हाताने काम करणारा डॉक्टर सात ते बाराच्या पट्ट्यात बसतो आणि डावखुऱ्याची जागा बारा ते पाचच्या मध्ये येते. आता तुमच्या क्लिनिकमधली युनिट्स बघा. बऱ्याच ठिकाणी एअरोटरचा (दात कोरायच्या यंत्राचा) ट्रे उजवीकडे आणि सक्शन (तोंडातलं पाणी ओढणारी नळी) डावीकडे पक्कं बसवलेलं असतं. मग डावखुरी मुलगी उजवीकडेच बसते, कमरेतून पिळून मान वाकवते, एअरोटरची नळी पेशंटच्या छातीवरून ओढून घेते. असिस्टंटचा हात आणि तिचा हात एकमेकांत अडकतात. वेळ जास्त लागतो, मार्जिन (कोरलेल्या भागाची कडा) ओबडधोबड येतं, आणि शेऱ्यात लिहिलं जातं की ‘हात अजून बसलेला नाही’. पाठदुखी सुरू होते ती वेगळीच.

यावर उपाय अवघड नाहीत. दोन्ही बाजूंना फिरणारी युनिट्स मिळतात. निदान एक-दोन तरी घ्या, आणि सरावाला दिलेलं तेच युनिट तिला परीक्षेलाही द्या. डेमो दाखवताना तिला तुमच्या समोर बसवा, म्हणजे तिला तो आरशातल्यासारखा दिसेल. रेकॉर्ड केलेला डेमो आडवा उलटा करून देता येतो, त्याला मिनिटभरही लागत नाही. ‘सवय कर, सगळेच करतात’ हे वाक्य मात्र कायमचं बंद व्हायला हवं.

तीच गोष्ट उंचीची. दात काढताना पेशंटचं तोंड साधारण आपल्या कोपराच्या उंचीला यावं, खालच्या दातांसाठी त्याहूनही खाली. बुटक्या विद्यार्थिनीसाठी पेशंटची खुर्ची कोणी पुरेशी खाली केली नाही किंवा तिला पायाखाली पाट दिला नाही, तर तिचा सगळा जोर खांद्यातून येतो, दात हलत नाही, आणि कोणीतरी म्हणतं, ‘सर्जरी मुलींचं काम नाही.’ खरं तर दात काढणं हे ताकदीचं काम नाहीच. लक्सेशनने, म्हणजे दात हळूहळू सैल करत, सॉकेट (दाताची हाडातली खोबण) रुंदावत न्यायचं असतं, त्याला संयम आणि योग्य पकड लागते. अशा एका शेऱ्याने एखादी मुलगी ओरल सर्जरीचा विचारच सोडून देते, याचं मला फार वाईट वाटतं. ग्लोव्ह्जचे सगळ्यात लहान साइझ साठ्यात असणं हीसुद्धा याच यादीतली गोष्ट आहे.

आता चुका दाखवण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. शिक्षक येतात, आरसा घालतात, पेशंटसमोर म्हणतात, ‘हे काय केलंस?’ आणि हातातून हँडपीस घेतात. पेशंट जागा असतो, सगळं ऐकतो. विद्यार्थ्याचा स्वतःवरचा आणि पेशंटचा त्याच्यावरचा विश्वास एकदमच जातो. आधीच कोपऱ्यात असलेली मुलं यानंतर शिक्षकांना बोलवायचंच टाळतात. जे घरचेच असल्यासारखे वावरतात, ज्यांच्या घरात डॉक्टर आहेत, त्यांना तोच ओरडा फारसा लागत नाही. त्यांना माहीत असतं की आपण उद्याही इथेच आहोत.

माझी पद्धत अशी आहे. सेशन सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं सगळ्यांना एकत्र उभं करते आणि प्रत्येकाला विचारते, ‘आज कुठल्या पायरीवर मला बोलावणार?’ एखादा सांगतो, कॅव्हिटी पल्पजवळ (दाताच्या आतल्या नसेजवळ) गेली की. दुसरी सांगते, ब्लॉक (बधिर करायचं इंजेक्शन) दिल्यावर ओठ बधिर झाला नाही तर. सगळ्यात हुशार मुलालाही एक पायरी सांगावीच लागते. त्यामुळे मदत मागणं हा कमकुवतपणाचा शिक्का राहत नाही, कामाचा भाग होतो. पेशंटसमोर थांबवायची वेळ आली तर ‘जरा एक्स-रे बघूया’ एवढंच म्हणायचं आणि बाजूला येऊन बोलायचं, हे आधीच ठरलेलं असतं.

आणि बोलताना आकड्यात बोला. ‘प्रेप जमलं नाही’ (प्रेप म्हणजे कॅपसाठी दात कोरून तयार करणं) यातून कोणी काही शिकत नाही. ‘मेटल-सिरॅमिक कॅपसाठी चावण्याच्या पृष्ठभागावर दीड ते दोन मिमी जागा लागते, तुझी एक मिमी आहे, डिस्टल (मागच्या) बाजूला प्रोब (मापाच्या खुणा असलेली बारीक सळई) लावून बघ’ यातून शिकतो. असं बोललं की शिक्षकाची मर्जी आणि दाताचं माप या दोन गोष्टी वेगळ्या होतात. ज्यांना मर्जी ओळखायची कला अवगत नाही, ज्यांची भाषा शिक्षकांच्या भाषेहून वेगळी आहे, त्यांना याचा सगळ्यात जास्त फायदा होतो. व्हायवात (तोंडी परीक्षेत) शब्द अडले तर कागद-पेन्सिल पुढे करा. रूट कॅनॉलचं अ‍ॅक्सेस (दाताच्या आत शिरायचं छिद्र) काढून दाखवता आलं तर त्याला ते येतं, एवढं पुरेसं आहे.

कोण कडेला राहतंय हे नजरेने नेहमी कळत नाही, त्यासाठी निकाल एकत्र मांडून बघावे लागतात. अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठाच्या डेंटल स्कूलचा इतिहास या बाबतीत वाचण्यासारखा आहे. १९४८ ते १९६१ या काळात तिथल्या ज्यू विद्यार्थ्यांपैकी सुमारे ६५ टक्के जणांना नापास केलं गेलं किंवा वर्ष पुन्हा करायला लावलं. त्यांतल्या अनेकांनी दोष स्वतःकडे घेतला, घरच्यांपासूनही ती गोष्ट वर्षानुवर्षं लपवली. १९५२ मध्ये तिथून बाहेर काढलेले आणि पुढे दुसरीकडे शिकून ओरल सर्जन झालेले पेरी ब्रिकमन यांनी म्हातारपणी एकेकाला शोधून त्यांच्या मुलाखती गोळा केल्या, आणि २०१२ मध्ये विद्यापीठाने जाहीर माफी मागितली. एकेक निकाल सुटा बघितला की तो त्या मुलाचा दोष वाटतो. दहा वर्षांचे निकाल एका कागदावर ठेवले की आकृती दिसते. तुमच्या विभागात हे करायला कोणाची परवानगी लागत असेल तर घ्या, पण करा. प्रॅक्टिकलचे टायपोडॉंटचे (सरावाच्या नकली जबड्याचे) दात नाव न घालता, कोड नंबर देऊन तपासा. एकच प्रेप दोघा शिक्षकांना स्वतंत्र तपासायला द्या आणि गुणांत किती फरक पडतो ते बघा.

दार उघडण्याचं काम बाहेर उभ्या असलेल्याने एकट्याने करायचं नसतं, हेही आपल्या व्यवसायाचा इतिहास सांगतो. जगातलं पहिलं डेंटल कॉलेज अमेरिकेत बाल्टिमोरला १८४० मध्ये सुरू झालं. ल्युसी हॉब्ज या बाईंना ओहायोच्या कॉलेजने बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्यांनी खासगीत शिकून प्रॅक्टिस सुरू केली. १८६५ मध्ये आयोवाच्या दंतवैद्यांच्या संघटनेने त्यांना सदस्य करून घेतलं आणि त्यांच्यासाठी शब्द टाकला. मग त्याच कॉलेजने दार उघडलं आणि १८६६ मध्ये डेंटिस्ट्रीची पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. लंडनमध्ये लिलियन मरे यांना तर हॉस्पिटलच्या डीनने आत न घेता फुटपाथवरच बोलून वाटेला लावलं. एडिंबरामध्ये शिकून १८९५ मध्ये त्या ब्रिटनमधल्या पहिल्या पात्र स्त्री दंतवैद्य झाल्या आणि १९४६ मध्ये, लिलियन लिंडसे या नावाने, ब्रिटिश डेंटल असोसिएशनच्या अध्यक्ष. ज्यांचे पाय आत घट्ट रोवलेले आहेत त्यांनी शब्द टाकावा लागतो, आणि तुम्ही आता शिक्षक आहात, म्हणजे तुमचे पाय आत आहेत. केसेसचा कोटा (प्रत्येकाने करायच्या ठरलेल्या केसेस) पूर्ण करताना सीनियर आपल्या ओळखीच्यांनाच पेशंट देतात, हे तुम्हाला माहीत असेल. वाटपाची यादी तुमच्याकडे घ्या.

‘यामुळे दर्जा घसरेल’ असं कोणीतरी तुम्हाला म्हणेलच. मार्जिन कुठे असावं, निर्जंतुकीकरण कसं व्हावं, यातलं काहीही सैल करायचं नाही. ते माप सगळ्यांना एकच ठेवायचं आणि तिथवर पोचायची वाट सगळ्यांना मोकळी करायची, इतकंच मी म्हणते.

पेशंटच्या बाबतीतही हेच आहे, आणि ते पहिल्या वर्षापासून शिकवावं लागतं. निरोगी हिरडीचा रंग म्हणून पुस्तकांतून ‘कोरल पिंक’ शिकवतात. पण सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या असंख्य माणसांच्या हिरड्या मेलॅनिनमुळे तपकिरी किंवा काळपट असतात, आणि त्या पूर्ण निरोगी असतात. विद्यार्थी ते केसपेपरवर दोष म्हणून लिहितो, एखादा लगेच हिरड्या गुलाबी करून द्यायचा सल्ला देतो, आणि पेशंट आपल्या तोंडात काही बिघाड आहे असं समजून घरी जातो. वर्गात बसलेल्या ज्या मुलीच्या स्वतःच्या हिरड्या तशाच आहेत, तिनेही ते ऐकलेलं असतं. शिवाय यात निदान चुकायचा धोका आहे: रंगद्रव्य असलेल्या हिरडीवर सूज आली तरी लाली तितकी दिसत नाही. तिथे रंगावर विसंबू नका. प्रोब केल्यावर रक्त येतंय का, कडा फुगली आहे का, ती मऊ लागते का, हे बघायला शिकवा. नव्याने आलेला, वाढणारा किंवा एकाच जागी असलेला काळा डाग मात्र गांभीर्याने तपासायचा. स्लाइड्समध्ये सगळ्या रंगांच्या हिरड्यांचे फोटो घाला, ‘वेगळा प्रकार’ म्हणून शेवटी न टाकता पहिल्याच तासाला.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगते. व्हीलचेअरवरच्या पेशंटला उचलायची घाई न करता आधी त्यालाच विचारा की कसं हलवलं तर बरं; कित्येकदा तपासणी व्हीलचेअरमध्येच होऊ शकते. कमी ऐकू येणारा पेशंट ओठ वाचत असेल तर मास्कमुळे त्याचं सगळं बंद होतं, म्हणून अंतरावर उभं राहून मास्क काढून बोला, नाहीतर लिहून द्या. दृष्टी नसलेल्याला प्रत्येक गोष्ट आधी बोटाला लागू द्या, मग तोंडात न्या. ऑटिझम असलेल्या मुलासाठी पायऱ्यांची चित्रं आधी घरी पाठवा, दिवा डोळ्यांवर येऊ देऊ नका, अल्ट्रासॉनिक स्केलरचा (दातांवरचा थर काढणाऱ्या यंत्राचा) आवाज नकोसा असेल तर हाताने स्केलिंग करा, आणि पहिल्या भेटीत नुसतं खुर्चीत बसून गेलं तरी चालेल असं ठरवा. एचआयव्ही असलेल्या माणसाला दिवसातली शेवटची वेळ देणं किंवा त्याच्यासाठीच दोन ग्लोव्ह्ज घालणं याला काही आधार नाही; सगळ्यांच्याच बाबतीत सारखी काळजी घ्यायची हा नियम १९८० च्या दशकापासून आहे. ट्रान्स व्यक्तीला वेटिंग रूममध्ये ती सांगेल त्या नावाने हाक मारा. आणि खूप वर्षांनी आलेल्या, दात किडलेल्या माणसाला ‘इतके दिवस कुठे होता?’ असं विचारू नका. लाजेनेच तो इतके दिवस आला नव्हता.

स्वतःचं क्लिनिक असेल तर असिस्टंटपासून सुरुवात करा. दात काढायच्या आधी डॉक्टरने दाताचा नंबर मोठ्याने म्हणायचा, असिस्टंटने एक्स-रे बघून तो पुन्हा म्हणायचा, आणि दोन नंबर जुळले नाहीत तर तिने ‘थांबा’ म्हणायचं. फोर्सेप्स (दात काढायचा चिमटा) पस्तीस नंबरच्या दातावर लागलेला असताना काढायचा शेजारचा छत्तीस होता, हे तिच्या लक्षात येऊ शकतं, पण तिला बोलायची मुभा आहे हे तिला आधीपासून माहीत हवं. ज्या दिवशी ती थांबवेल आणि तिचं चुकलेलं निघेल, त्या दिवशीही तिचे आभार माना, पेशंटच्या देखतच. मी माझ्याकडे केसपेपरच्या पहिल्या पानावर आणखी एक रकाना ठेवला आहे, पेशंटला काय सोयीचं पडतं त्याचा: डाव्या कानाने ऐकू येतं, खुर्ची पूर्ण आडवी नको, हात वर केला की थांबा. तो भरायचं काम असिस्टंट करते, म्हणजे पुढच्या वेळी दुसरा डॉक्टर असला तरी पेशंटला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागत नाही.