मुंबईत राहून रिव्हॉल्व्हर जमवण्याचा छंद करता येतो का? आणि चालू नसलेलं जुनं रिव्हॉल्व्हर शोभेला ठेवलं तर चालतं का?

छंद करता येतो, पण जमवणं दोनवर थांबतं. पूर्वी एका माणसाला परवान्यावर तीन हत्यारं ठेवता यायची. २०१९ साली आर्म्स ॲक्टमध्ये दुरुस्ती झाली, मर्यादा दोनवर आली आणि जास्तीचं हत्यार वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करायला सांगितलं गेलं. या दोनात रायफल, बंदूक, वारशाने आलेलं, सगळं धरलं जातं. माझ्याकडे दोन रिव्हॉल्व्हरं आणि वडिलांची बारा बोअरची बंदूक होती. बारा बोअर गेली. घरात यावरून बरीच बोलणी खाल्ली, पण बंदुकीत माझा जीव कधी नव्हताच.

बोअर, म्हणजे नळीच्या आतला व्यास, तोही आपल्या मनासारखा मिळत नाही. अडतीस (.३८ इंच) आणि चारशे पंचावन्न (.४५५ इंच) हे प्रतिबंधित बोअर, म्हणजे फौजेत गाजलेली वेब्ली या इंग्लिश कंपनीची जवळजवळ सगळी रिव्हॉल्व्हरं आपण फोटोतच बघायची. सर्वसामान्य परवान्यावर मिळतं ते बत्तीस (.३२ इंच). त्यात विलायती हवं असेल तर खिसा सांभाळा. सामान्य माणसाला परदेशातून आणायची वाट केव्हाच बंद झाली, त्यामुळे देशात आहेत तीच हत्यारं या हातातून त्या हातात फिरतात आणि लाखांत जातात.

माझं लाडकं आहे बत्तीसचं वेब्ली मार्क फोर, बर्मिंगहॅमचं. याची गंमत गोळी झाडण्यापेक्षा उघडण्यात आहे. घोड्याशेजारी, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या मागच्या हातोडीशेजारी, डाव्या बाजूला एक खटका असतो. तो अंगठ्याने दाबून नळी खाली झुकवली की काडतुसं भरायच्या चक्राच्या मधोमध असलेली चांदणी हळूहळू वर येते आणि सहाही पुंगळ्या एकदम उचलते. नळी पूर्ण खाली गेली की पुंगळ्या बाहेर पडतात आणि चांदणी खट्कन आपल्या जागी बसते. एका हालचालीत सगळं काम. शंभर वर्षांहून जुनी रचना, पण अजून बघत बसावंसं वाटतं. माझं दुसरं आपल्या ऑर्डनन्स फॅक्टरीचं, त्याच घराण्यातलं. फिनिशिंग जरा ओबडधोबड, पण विश्वासाचं. दोन्हींत काडतूस एकच, बुडावर ‘केएफ’ असतं, म्हणजे आपल्या खडकीच्या कारखान्याचं.

नव्यांत २०१४ चं कानपूरचं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर बायकांसाठी म्हणून गाजवलं होतं. वजन अर्ध्या किलोच्या आसपास आणि किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात. हलकं हत्यार हातात जास्त उसळतं, हे जाहिरातीत कोण सांगणार! २०२३ मध्ये कानपूरहूनच ‘प्रबळ’ आलं, त्याचं चक्र बाजूला उघडतं. सोय म्हणून ते उजवं असेल, माझा जीव मात्र नळी झुकवून उघडणाऱ्यातच अडकलेला.

जुनं घेताना पॉलिशला भुलू नका. आधी ते रिकामं असल्याची स्वतः खात्री करा. मग घोडा मागे ओढून चक्र बोटांनी हलवून बघा, सैल लागलं तर आत झीज आहे. नळीतून उजेडाकडे बघा, आत खड्डे दिसले तर सोडून द्या. आणि हत्यारावरचा नंबर कागदाशी आकडा न् आकडा ताडून बघा.

मुंबईत खरा शत्रू हवा. दादरला समुद्र हाकेवर, त्यात पावसाळा. घामट बोटाचा ठसा राहिला की दुसऱ्या दिवशी तिथे तांबूस डाग. चामड्याच्या म्यानात ठेवणं तर सगळ्यात वाईट, चामडं ओल धरून ठेवतं. मी तेलाचा हात फिरवून सुती कापडात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत तिजोरीत ठेवतो. जूनपासून बायको म्हणते, इतकी काळजी पापडांची घेतली असतीस तर बरं झालं असतं.

कागदपत्रांचं म्हणाल तर सवय होते. मुंबईत परवाना पोलीस आयुक्तालयातून मिळतो, आता पाच वर्षांचा. निवडणुकीची आचारसंहिता लागली की जमा करण्याची नोटीस येऊ शकते. २०२४ साली लोकसभा झाली, पाठोपाठ विधानसभा. पावती जपून ठेवायची आणि परत घेताना हत्यार तिथेच उघडून तपासायचं.

आता शोभेच्या हत्याराचं. चोर बाजारात कुणी ‘अँटिक आहे, लायसन लागत नाही’ म्हणालं तर तिथून निघा. आर्म्स ॲक्टच्या कलम ४५ मधली सूट जुनाट किंवा मोडक्या हत्याराला आहे खरी, पण ते दुरुस्त करूनसुद्धा चालता कामा नये. घोड्याची स्प्रिंग तुटलेली आहे, एवढ्याने भागत नाही, कारण स्प्रिंग कुणीही बसवून देईल. विक्रेत्याचा शब्द पोलीस ठाण्यात चालत नाही, विनापरवाना हत्याराला शिक्षा सांगणारं कलम २५ मात्र चालतं. आजोबांच्या ट्रंकेत असं काही सापडलं असेल तर स्वतः खोलून बघू नका. आधी वकिलाला विचारा आणि मग ठाण्यात लेखी कळवा.