गोळी सुरू झाली, आता हाडांकडेही बघ

अगं, हाडांच्या भीतीनं एचआयव्हीवरची टीएलडीची गोळी बंद करू नकोस. तिच्यातल्या टेनोफोव्हिरनं पहिल्या एक-दोन वर्षांत हाडांची घनता थोडी उतरते, मग बहुतेकांची स्थिरावते. विषाणू मोकाट राहिला तर तोही हाडं झिजवतोच.

माझी चूक मात्र तू करू नकोस. मी कित्येक महिने कॅल्शियमची गोळी उपाशीपोटी टीएलडीसोबतच घेत होते. तसं केलं की टीएलडीतलंच दुसरं औषध, डॉल्युटेग्राव्हिर, अंगात नीट शोषलं जात नाही. दोन्ही जेवणासोबत घेतल्या तर चालतात. नाहीतर टीएलडी कॅल्शियमच्या 2 तास आधी किंवा 6 तासांनी घे. लोहाच्या गोळीचंही तसंच. ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेलं ॲसिडिटीचं औषध मात्र जेवताना घेतलं तरी एकत्र नको.

सोलापुरात उन्हाला तोटा नाही, पण आपण दिवसभर शिलाई मशीनवर घरातच असतो. थोडं अंगावर ऊन घेत चालत जा. भाकरीला तीळ लाव, नाचणी, दूध घे. मिश्री सोड गं, खरंच सोड. पाळी गेल्यावर हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीबद्दल एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथं, विचार. आणि जांघेत सतत दुखायला लागलं तर अंगावर काढू नकोस, लगेच दाखव.