आय-फाइव्ह स्वस्त आणि आय-थ्री महाग, असं कसं?

प्रश्न: मुलगी यंदा बीसीएला गेलीये, तिला डेस्कटॉप घ्यायचाय, बजेट तीस हजारांच्या आतलं. एका दुकानात आय-फाइव्हचा अख्खा सेट मॉनिटरसकट साडेचौदा हजारांत सांगितला, दुसऱ्याने आय-थ्रीचे सत्तावीस हजार सांगितले. आय-फाइव्ह मोठा ना? घेऊन टाकू का? – एक आई, मिरज

उत्तर: ताई, पैसे दिले नसतील तर जरा थांबा. आय-फाइव्ह, आय-थ्री ही इंटेलच्या प्रोसेसरची, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूची नावं, पण नुसतं आय-फाइव्ह म्हटल्याने काहीच कळत नाही, त्याच्या पुढचा नंबर विचारा. एवढ्या स्वस्तात देतात तो बहुतेक आय-फाइव्ह ३४७० किंवा तसलाच काहीतरी असतो, म्हणजे तिसरी जनरेशन (पिढी), २०१२ची. आणि सत्तावीस हजारवाला जर आय-थ्री १२१०० असेल तर तो बाराव्या जनरेशनचा, २०२२चा. दुकानदार गिगाहर्ट्झ, म्हणजे प्रोसेसरचा वेग दाखवेल, एकाचे ३.२ दुसऱ्याचे ३.३, आपल्याला वाटतं सारखेच की, पण तेवढ्याच वेगात नवा प्रोसेसर कितीतरी जास्त काम उरकतो, कोअर (काम करणारे भाग) दोघांनाही चारच पण थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं) नव्याला आठ, जुन्याला चार. शिवाय विंडोज ११ला आठवी जनरेशन किंवा पुढची लागते आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट (सुरक्षेचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, म्हणजे पोरीची डिग्री व्हायच्या आधीच मशीन अडणार.

भाच्याला मी स्वतः असाच सेट घेऊन दिला होता. आठ महिन्यांत मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड) गेला, मूळ कंपनीचा नवा बोर्ड कुठे मिळेना, परीक्षा तोंडावर आणि पोरगं मित्राच्या घरी जाऊन प्रोग्रॅम करतंय. त्याचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून एवढं कळकळीने सांगतोय.

आता एक सापळा. १२१००च्या मागे एफ आहे का बघा. १२१००एफमध्ये ग्राफिक्स नसतं, वेगळं कार्ड घेतल्याशिवाय मॉनिटरवर काही येतच नाही, आणि तो स्वस्त म्हणून कोटेशनमध्ये हळूच बसवतात. एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर बजेटमध्ये बसला तर जरूर घ्या, सहा कोअर, ग्राफिक्सही चांगलं, फक्त १६ जीबी रॅम एका काडीत न घेता ८-८च्या दोन घ्या, त्याचं ग्राफिक्स रॅमवरच चालतं.

भाव विचारताना आकडा एकच विचारू नका, प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी (हार्डडिस्कपेक्षा वेगवान साठवण), एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), मॉनिटर असं एकेक लिहून घ्या आणि तीच यादी दुसऱ्या दुकानात दाखवा, जीएसटी धरून. एसएसडीच्या जागी ५०० जीबीची हार्डडिस्क लिहिली असेल तर सरळ नाही म्हणा. पैसे द्यायच्या आधी मशीन चालू करायला लावा, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडतो, त्यात परफॉर्मन्समध्ये सीपीयूचं (प्रोसेसरचं) पूर्ण नाव येतं, ते बिलाशी जुळतंय ना ते मुलीलाच वाचायला सांगा.