गुणसूत्रातला 'गुण' कोणता?

नागपूरच्या एका शिक्षिकेने विचारलंय: क्रोमोसोमला रंगसूत्र म्हणावं की गुणसूत्र? आणि पाठ्यपुस्तकातलं 'अग्रकेंद्री' म्हणजे काय?

आधी एक चूक निस्तरतो. 'सिकलसेलचं गुणसूत्र' हे विदर्भात सारखं कानावर पडतं. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात गुणसूत्रं ४६ च्या ४६ शाबूत असतात. बिघाड असतो अकराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात, तोही डीएनएच्या एका अक्षराचा. डीएनए आणि प्रथिनं मिळून गुणसूत्र बनतं, जनुक हा त्या डीएनएचा छोटा तुकडा. दोन्ही एक समजणं आता थांबायला हवं.

वाल्डायर या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये ग्रीकमधले 'रंग' आणि 'शरीर' जोडून क्रोमोसोम हा शब्द घडवला, कारण रंग दिल्यावर पेशीतल्या या काड्या उठून दिसत. म्हणून 'रंगसूत्र'च शुद्ध, असं काही पंडित ठासून सांगतात. मग 'शरीरा'चं 'सूत्र' कसं झालं? त्यांच्याच न्यायाने 'रंगकाय' म्हणायला हवं.

मुळात 'गुण' म्हणजे फक्त सद्गुण-दुर्गुण, या समजुतीवर त्यांचा 'गुणसूत्र'वरचा सगळा आक्षेप उभा आहे. संस्कृतात गुण म्हणजे दोरीचा पदर, आणि दोरीही. अमरकोशात धनुष्याच्या दोरीची नावं पाहा: मौर्वी, ज्या, शिञ्जिनी, गुण. द्विगुण म्हणजे दुपदरी, त्यावरून दुप्पट. आपला गुणाकारही याच पदराचा. आणि गुणसूत्रात असतो काय, तर दोन पदरांचा पीळ घातलेला डीएनए! शब्द घडवणाऱ्याच्या मनात आनुवंशिक गुणच असतील, पण शब्द त्याच्याही पुढे गेला. इतका नेमका शब्द ग्रीकलाही साधला नाही, असं माझं ठाम मत आहे.

कापसाच्या मुलखाला हे पटकन कळावं. नागपुरातच केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. देशी कापूस द्विगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे दोन संच असलेला, २६ गुणसूत्रांचा. अमेरिकन चतुर्गुणित, चार संचांचा, ५२ चा. दोघांचा थेट संकर केला तर ३९ गुणसूत्रांचं वांझ रोप येतं. 'द्विगुणित'मधला गुणही तोच, पदर.

अग्रकेंद्री राहिलंच. गुणसूत्रबिंदू, म्हणजे गुणसूत्राच्या दोन भुजा जिथे जुळतात ती जागा, मधोमध असला की मध्यकेंद्री, थोडा सरकला की उपमध्यकेंद्री, टोकाजवळ गेला की अग्रकेंद्री, थेट टोकावर असला की अंत्यकेंद्री. माणसात अंत्यकेंद्री नसतात. १३, १४, १५, २१, २२ आणि वाय ही अग्रकेंद्री.