वादळ कमजोर झालं, समुद्र नाही

भाऊ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. भाचा हवाईत ओआहू बेटावर, कॅटेगरी 4 चं (पाचपैकी चौथ्या पातळीचं) वादळ घसरत घसरत बाजूनं निघालं, आणि पोरगा म्हणतो, "मामा, ते कमजोर झालं, रविवारी बीचवर चाललो." हेच शब्द मी 2016 च्या डिसेंबरात ऐकले होते, म्हणून लिहितो. मी हवामानवाला नाही, कास्तकार आहे. तिथल्या लाइफगार्डचं ऐकणं पहिलं, माझं नंतर.

आम्ही वर्धा जिल्ह्यातले अकरा जण अंदमानला गेलो आणि हॅवलॉकवर (आता स्वराज द्वीप) अडकलो. वादळाचं नाव वरदा! उर्दूत गुलाब म्हणे. आम्हाला वाटलं, वर्धेचंच कोणीतरी मागं लागलं. बोटी बंद, वरून नोटबंदी. सगळ्यांचे पैसे मी एका पाऊचमध्ये घालून कमरेला बांधलेले.

तिसऱ्या दिवशी पाऊस उघडला. चौकशीच्या खिडकीवर गेलो, तर आतल्या बाबूनं मानही वर केली नाही. "वादळ पुढं गेलं, आता काही नाही, दुपारी या." दुपारी गेलो तर खिडकी बंद. बोट कधी निघेल ते नसेल माहीत, समजू शकतो. पण पाण्यात उतरू नका, एवढं एक वाक्य बोलायला काय जात होतं त्याचं? आजही आठवलं की डोकं तापतं.

ऊन पडलं म्हणून मी चिखलाच्या चपला धुवायला घोट्याभर पाण्यात गेलो. पाच-सात मिनिटं समुद्र अगदी गुमान होता. मग एक लाट आली ती थेट छातीला, अन् परत जाताना तिनं पायाखालची रेतीच ओढून नेली. हॉटेलच्या पोऱ्यानं दंडाला धरून ओढलं म्हणून आज लिहितोय. चष्मा गेला, पाऊच गेलं. नव्या गुलाबी नोटा, ज्यांच्यासाठी घरचे लोक बँकेच्या रांगेत उभे राहिले होते. पुढे नौदलाच्या जहाजांनी लोकांना पोर्ट ब्लेअरला नेलं, त्यांचे उपकार. पण अकरा जणांचे पैसे मी दोन हंगाम फेडत होतो.

आपण नाल्याकाठची माणसं, तरी चुकलो. गावात ऊन असतं आणि वरच्या अंगाला पडलेल्या पावसाचा लोंढा दोन तासांनी येतोच ना? समुद्राचं तेच. कॅटेगरी फक्त वाऱ्यावरून ठरते. ताशी 119 किलोमीटरच्या खाली वारा आला की त्याला हरिकेन (तिकडचं मोठं चक्रीवादळ) म्हणत नाहीत. पण वादळ जोरात असताना उठलेल्या लाटा शेकडो किलोमीटर चालत येतात, त्यांना ते कमजोर झाल्याचा निरोप कोण देणार? त्या थांबून थांबून, झुंडीनं येतात. खडकावर फोटो काढणारे त्या मधल्या शांततेतच फसतात. आणि लाटांच्या मध्ये जिथं पाणी सपाट दिसतं तिथं पोहायला जाऊ नये, बहुतेक वेळा तिथूनच पाणी आत ओढतं. सापडलाच तर किनाऱ्याकडे झगडू नये, आडवं पोहत बाहेर पडावं. (हे मी नंतर शिकलो. मला तर पोहताच येत नाही.)

पावसाचंही तेच. 2018 मध्ये लेन नावाचं हरिकेन कॅटेगरी 5 चं होतं, हवाईजवळ येईपर्यंत त्याची हवा गेली. तरी हवाईच्या 'बिग आयलंड' या सगळ्यात मोठ्या बेटावर काही ठिकाणी चार-पाच दिवसांत 1,300 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. आपल्याकडे वर्षभरात तेवढा पडत नाही. म्हणून भाच्याला डोंगरातल्या धबधब्यांकडेही जाऊ देऊ नका.

माझं मत विचाराल तर किनाऱ्यावरचा लाटांचा इशारा उठेपर्यंत त्यानं समुद्राकडे फिरकूच नये. कोणाला अति वाटेल, वाटू द्या.

आणि ताईंना सांगा, हवाई आपल्या साडेपंधरा तास मागं आहे. तिथल्या पहाटे पाचचं हवामानाचं बुलेटिन म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. दुपारी तीनला फोन उचलला नाही म्हणून रडत बसू नका, तेव्हा तिथं रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात.